खाणीचा इतिहास आणि हजेरीपटाबाहेरची माणसे

2013 सालची गोष्ट आहे. गोव्यातल्या खाणी बंद पडून वर्ष होत आले होते. मी सरकारी कारकून. खाणबंदीची झळ बसलेल्यांचे मदतीचे अर्ज तेव्हा आमच्या टेबलावर येत असत. कोणी ट्रकवाला, कोणी बार्जवरचा खलाशी, कोणी गॅरेजवाला. प्रत्येकाच्या हातात कागदांची पिशवी. एके दिवशी सकाळी पंच्याहत्तरीच्या आसपासची एक आजी नातवाला घेऊन आली. नातवाचा अर्ज घेऊन झाला, पण ती जागची हलेना. मी विचारले, "आजी, आणखी काही आहे का?" ती म्हणाली, "म्हजें नांव बरयना? हांवूय खणीर काम केलां." मी नेहमीच्या सवयीने म्हटले, "कागद आसा?" तिने डोक्यावरचा पदर मागे सारला, टाळूवरच्या विरळ केसांना हात लावला आणि म्हणाली, "हो पळय म्हजो कागद."

रांगेतली माणसे हसली. मीही हसलो. तिचे नाव अर्थातच लिहिता आले नाही, कारण अर्जात तसा रकानाच नव्हता. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. माझी स्वतःची आजी, म्हणजे आईची आई, अशीच पाट्या वाहून म्हातारी झाली होती आणि तिच्या टाळूवरचे केसही असेच गेलेले होते. लहानपणी मी त्याचे कारण कधी विचारले नव्हते.

वाचकहो, मी पेडण्याचा. माझे आजोळ डिचोली तालुक्यात. पेडण्यात नारळ, भात, काजू आणि समुद्र. डिचोलीत तांबडी माती. आजी खाणीवर पाट्या वाहत होती, मामा डंपर चालवत होता, मामेभावाने ट्रक घेतला. एकाच घराच्या या तीन पिढ्या लक्षात घेतल्या की गोव्याच्या खाणींचा साठ-सत्तर वर्षांचा इतिहास डोळ्यांसमोर येतो. खाणींवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. टन, डॉलर, लीज, कोर्टाचे निवाडे, पर्यावरण. त्या लिखाणात कामगार येतो तो बहुधा आकड्याच्या रूपाने, 'इतके हजार बेकार' असा. म्हणून आज थोडे त्या आकड्यांच्या आतल्या माणसांविषयी.

सुरुवात कायद्यापासून करावी लागेल. पोर्तुगिजांनी आपल्या वसाहतींसाठी 1906 साली खाणींचा कायदा केला. त्याप्रमाणे जमिनीखालच्या खनिजाचे हक्क 'कन्सेशन' म्हणून दिले जात आणि त्या हक्कांना मुदत नसे. एकदा मिळालेले कन्सेशन पिढ्यान् पिढ्या चाले. प्रत्येकाला एक तितुलो, त्यावर क्रमांक आणि साल. गोव्यातल्या खाणी आजही 'टी.सी. नंबर' म्हणून ओळखल्या जातात ते यामुळेच. आधी क्रमांक, मग तिरपी रेघ आणि पुढे सालाचे शेवटचे दोन आकडे. यातल्या बऱ्याच खाणींच्या सालाचे आकडे पन्नासच्या दशकातले आहेत. कायदा 1906 चा असला तरी खनिजाची खरी धांदल उडाली ती दुसरे महायुद्ध संपल्यानंतर.

ती का उडाली? जपान युद्धात बेचिराख झाला होता आणि त्याला पुन्हा उभे राहायला पोलाद हवे होते. जपानकडे स्वतःचे लोहखनिज जवळजवळ नाही. चीनकडून मिळणारा माल तिथल्या क्रांतीनंतर बंद झाला. जपानी पोलादवाले कच्चा माल शोधत गोव्यापर्यंत आले. 1951 साली चौगुले यांच्या शिरगावच्या खाणीसाठी जपानने यंत्रसामग्री उधारीवर दिली. फेड पैशांत करायची नव्हती, खनिजाच्या रूपात करायची होती. युद्धानंतर जपानने परदेशात खनिजासाठी केलेल्या अगदी सुरुवातीच्या गुंतवणुकींपैकी ही एक. आमच्या डिचोली तालुक्यातल्या, लईराईच्या शिरगावचे नाव त्या वेळी तोक्योतल्या कचेऱ्यांत घेतले जात होते, ही गोष्ट आज कितीजणांना ठाऊक असेल?

शिरगावात यंत्रे आली तरी सगळीकडे आली नव्हती. आजी ज्या खाणीवर गेली तिथे पिकास, पहार, घण, फावडे आणि पाटी एवढीच सामग्री होती. ती पहिल्यांदा गेली तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होती. पुरुष दगड फोडायचे. बायका फोडलेल्या मालातून चांगला दगड निवडायच्या, माती वेगळी करायच्या आणि पाटीत भरून डोक्यावरून ट्रकपर्यंत न्यायच्या. जपानी आणि जर्मन गिऱ्हाइकांना दगडी माल हवा असे, भुकटी नको असे. म्हणजे मालाची प्रत ठरत होती ती निवडणाऱ्या बायकांच्या नजरेवर. आजी सांगायची की, दगड हातात घेतला की वजनावरूनच कळायचे. हलका तो टाकायचा, जड तो ठेवायचा. प्रयोगशाळेतला रसायनतज्ज्ञ लोहाची टक्केवारी नंतर काढायचा. पहिली परीक्षा या निरक्षर बायकांच्या तळहातावर होऊन गेलेली असायची.

मुकादम पाट्या मोजायचा आणि आठवड्याने पैसे द्यायचा. सुरुवातीला गोव्यात रुपया चालत असे, पोर्तुगिजांचा. 1959 पासून इस्कूद आले, एका रुपयाला सहा. आजी म्हणायची, "पैशांचें नांव बदललें, पाटयेचें वजन तेंच." नावे मुकादमाच्या वहीत असत, कंपनीच्या वहीत नसत. मुकादम गेला की वही गेली. 2013 साली माझ्या टेबलासमोर उभ्या असलेल्या त्या म्हातारीकडे कागद का नव्हता, याचे उत्तर साठ वर्षांपूर्वीच्या त्या वहीत आहे.

इथे एक गोष्ट मला पेडणेकर म्हणून सांगितलीच पाहिजे. 15 ऑगस्ट 1955 रोजी पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रही पोर्तुगिजांच्या गोळ्यांना बळी पडले. भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली, रेल्वे बंद झाली, सीमा बंद झाली. पत्रादेवीपासून डिचोलीच्या खाणी फार दूर नाहीत. एकीकडे आमच्या तालुक्यात रक्त सांडत होते आणि दुसरीकडे शेजारच्या तालुक्यात खनिजाचे ट्रक नदीकडे धावत होते. कोंडी झालेल्या पोर्तुगीज सरकारला परकीय चलन मिळवून देणारे मोठे साधन हे खनिजच होते. मग आजीसारख्यांनी पोर्तुगिजांना हातभार लावला असे म्हणायचे का? मला तसे म्हणवत नाही. भाटकाराच्या शेतात राबून वर्षाचे भात पुरत नसे. खाणीवर आठवड्याला रोख पैसा मिळे, आणि तो तिच्या हातात मिळे. तिच्या आयुष्यातला तो पहिला पैसा, ज्यावर भाटकाराचा हक्क नव्हता. इतिहास लिहिताना हे दोन्ही लिहावे लागेल.

1961 साली गोवा मुक्त झाला. 1963 मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले ते दयानंद बांदोडकर, जन्माने पेडण्याचे आणि व्यवसायाने खाणमालक. कुळांचा कैवार घेणारा, बहुजन समाजाच्या मुलांसाठी गावोगाव मराठी शाळा उघडणारा नेता स्वतः खाणमालक असावा, हे बाहेरच्यांना विचित्र वाटते. आम्हांला वाटत नाही. माझी आई ज्या शाळेत शिकली ती त्या काळातलीच. आजीच्या पाटीने आणि भाऊंच्या शाळेने मिळून आमचे घर अक्षरओळखीपर्यंत आणले, असे मी मानतो. पण कुळकायद्याने ज्याला जमीन मिळाली त्याच्या जमिनीखालचे खनिज मात्र कन्सेशनवाल्याचेच राहिले, हेही विसरता येत नाही.

मुक्तीबरोबर भारताचे कामगार कायदे आले. किमान वेतन आले, भविष्यनिर्वाह निधी आला. आयटकसारख्या संघटनांचे लाल बावटे खाणींवर दिसू लागले. केंद्राच्या कामगार कल्याण निधीतून उसगाव-तिस्क येथे खाण कामगारांसाठी इस्पितळ उभे राहिले. हे सगळे लढून मिळाले आणि चांगलेच झाले. पण याच काळात बायका खाणीवरून हळूहळू दिसेनाशा झाल्या. याची कारणे दोन. एक म्हणजे यंत्रे. शॉवेल आणि डंपर आले, माल धुऊन चाळणारे प्लांट आले, निवडण्याचे काम सरले. दुसरे म्हणजे 1952 चा खाण कायदा. त्याप्रमाणे उघड्या खाणीवर स्त्रियांना सकाळी 6 ते संध्याकाळी 7 याच वेळेत काम देता येत असे. कायद्याचा हेतू संरक्षणाचाच होता. पण यंत्र एकदा तीन पाळ्यांत फिरू लागले की दिवसपाळीपुरते येणारे माणूस कंपनीला नकोसे होते. आजीला कोणी काढून टाकले नाही. एका पावसाळ्यात खाण बंद झाली आणि पावसाळ्यानंतर बोलावणे आले नाही, इतकेच. राजीनामा नाही, नोटीस नाही, हिशेब नाही.

मामा 1975 साली त्याच पट्ट्यातल्या एका कंपनीत लागला. आधी हेल्पर, मग डंपरचा ऑपरेटर. त्याच्याकडे सगळे कागद होते. नेमणुकीचे पत्र, फंडाचा नंबर, बोनसची पावती, दिवाळीला मिळणारी भेट. आमच्या लहानपणी मामाच्या घरी चतुर्थीला जो थाट असे तो पेडण्यात आमच्याकडे नसे. नोकरीत कायम असलेल्या कामगाराचा काय मान होता! लग्नाच्या बाजारात 'मायनिंगात परमनंट' हे शब्द सरकारी नोकरीच्या बरोबरीने चालत.

त्या सुखाची किंमत गाव दुसरीकडे मोजत होते. एक टन खनिज मिळवायला अडीच-तीन टन माती उपसावी लागते. ती माती डोंगरासारखी रचली जाते आणि पावसात शेतात उतरते. खाण जितकी खोल जाते तितके पाणी उपसावे लागते. शिरगावसारख्या गावात विहिरी आटल्या. मामा रात्रपाळीला पिटातले पाणी उपसणाऱ्या पंपांचा आवाज ऐकत डंपर चालवायचा आणि सकाळी घरी आला की मामी टँकरच्या रांगेत उभी असायची. या विसंगतीबद्दल मी त्याला एकदा छेडले. तो एवढेच म्हणाला, "तुझी कचेरी तुका पगार दिता न्हय?" त्यावर मला बोलता आले नाही.

1987 साली संसदेने कायदा करून पोर्तुगीजकालीन कन्सेशने रद्द केली आणि त्यांची लीज केली, तीही 20 डिसेंबर 1961 पासून झाली असे मानून. मुदत नसलेल्या हक्काला पहिल्यांदा मुदत आली. गावात तेव्हा याची कोणी फारशी दखल घेतली नाही. पण पुढची सगळी उलथापालथ याच मुदतीतून निघाली.

2000 नंतर चीनने जगभरचे लोहखनिज ओढायला सुरुवात केली. पूर्वी जो हलका माल डंपवर फेकला जात होता, त्यालाही भाव आला. म्हणजे आजीने हलका म्हणून टाकलेला दगड तिच्या नातवाच्या काळात बोटीवर चढला. परदेशी मालकीही बदलत गेली. 1954 साली इटालियन भांडवलावर उभी राहिलेली सेसा गोवा 2007 मध्ये वेदांताकडे गेली आणि 2009 मध्ये तिने धेंपो यांचा खाण व्यवसाय 1750 कोटी रुपयांना घेतला. 2010-11 मध्ये गोव्यातल्या बंदरांतून 5 कोटी टनांहून जास्त माल बाहेर गेला. त्यात कर्नाटकातला मालही होता.

हा एवढा माल उचलायला माणसे मात्र त्या प्रमाणात कायम केली गेली नाहीत. वाहतूक ट्रकमालकांकडून होऊ लागली. मामेभावाने 2008 साली कर्ज काढून ट्रक घेतला. तो स्वतःला कामगार म्हणवून घेत नसे, मालक म्हणवून घेई. पण फेरीचा दर ठरवणार दुसरे, फेऱ्या किती द्यायच्या ते ठरवणार दुसरे, हप्ता मात्र याचा. आजीच्या पाट्या मुकादम मोजायचा, याच्या फेऱ्या वजनकाट्यावर मोजल्या जायच्या. फरक इतकाच की आजीला पाटीचे कर्ज फेडायचे नव्हते.

पुढचे सर्वांना माहीत आहे. सप्टेंबर 2012 मध्ये शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला, राज्य सरकारने खाणकाम थांबवले आणि 5 ऑक्टोबर 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. 21 एप्रिल 2014 च्या निवाड्यात न्यायालयाने सांगितले की, सगळ्या लीजची मुदत 22 नोव्हेंबर 2007 रोजीच संपली होती. त्याच निवाड्यात कामगारांसाठी एक आदेश होता. बंदीच्या काळासाठी पटावरील कामगारांना मूळ वेतन आणि महागाई भत्त्याची निम्मी रक्कम खाणमालकांनी द्यावी. न्यायालयाने कामगाराची आठवण ठेवली, याबद्दल समाधान वाटते. पण 'पटावरील' या शब्दाशी मी पुन्हा अडखळलो. मामा पटावर होता. मामेभाऊ नव्हता. आजी तर कधीच नव्हती.

लीजचे दुसऱ्यांदा नूतनीकरण झाले तेही 7 फेब्रुवारी 2018 रोजी न्यायालयाने रद्द केले आणि मार्चच्या मध्याला खाणी पुन्हा थांबल्या. निवाडा चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. नियम मोडून जे उपसले गेले ते आपल्या सर्वांच्या मालकीचे होते. पण नियम ज्यांनी मोडले त्यांच्या घरची चूल थांबली नाही. थांबली ती हप्ता भरणाऱ्याची. मामेभावाचा ट्रक अंगणात उभा राहिला, त्याच्या टायरांत गवत उगवले आणि शेवटी तो पडेल भावाने विकला गेला.

आमच्या पेडण्याच्या टोकाला केरी आहे. तिथून फेरीबोटीने नदी ओलांडली की तेरेखोलचा किल्ला, आणि त्याच्या मागे महाराष्ट्राच्या हद्दीतले रेडी. तिथेही समुद्राला लागूनच लोहखनिजाची खाण आणि बंदर. रेडीचा द्विभुज गणपती प्रसिद्ध आहे. 1976 साली खाणीवरच्या एका ट्रकचालकाला दृष्टांत झाला आणि खाणीच्या जागेतून ही मूर्ती निघाली असे सांगतात. दर्शनाला आम्ही कितीदा तरी गेलो. जी माणसे त्याच जागी रोज खणत होती त्यांची चौकशी आम्ही एकदाही केली नाही. देवाला देऊळ मिळाले, ते योग्यच झाले. खणणाऱ्यांची साधी यादीसुद्धा आपल्याकडे नाही.

इतरत्र असे नसते का? इंग्लंडमध्ये डरहॅमच्या किनाऱ्यावर ईझिंग्टन नावाची कोळशाची खाण होती. तिचे बोगदे थेट समुद्राखाली गेलेले. 29 मे 1951 रोजी, म्हणजे शिरगावचा जपानशी व्यवहार झाला त्याच वर्षी, तिथे स्फोट होऊन 81 कामगार आणि वाचवायला गेलेले 2 जण मेले. ती खाण 1993 साली कायमची बंद झाली. पण तिथे स्मारक आहे, मृतांची नावे जपलेली आहेत आणि डरहॅमचे खाणकामगार 1871 पासून जो मेळावा भरवतात तो एकही खाण उरलेली नसताना आजही भरतो. लँकेशरमध्ये खाणीच्या तोंडाशी बसून कोळशातून दगड निवडणाऱ्या बायका असत. थेट माझ्या आजीचेच काम! एकोणिसाव्या शतकातले त्यांचे फोटो जपून ठेवलेले आहेत. आजीचा पाटी घेतलेला एकही फोटो नाही. तिचा एकमेव फोटो रेशनकार्डासाठी काढलेला.

आता पुन्हा दिवस बदलले आहेत. 2022 च्या अखेरीस खाणपट्ट्यांचा लिलाव सुरू झाला. डिचोलीचा पट्टा वेदांताला मिळाला आणि 2024 मध्ये तिथून माल निघू लागला. खाणी नियमात चालाव्यात, विहिरी वाचाव्यात, गावाला काम मिळावे, हे सगळे बोलले जाते आणि बोललेच पाहिजे. माझे म्हणणे त्याहून लहान आहे. जे पन्नास-साठच्या दशकात पाट्या वाहत होते ते आता नव्वदीकडे झुकले आहेत. दर पावसाळ्याला त्यांतले काही कमी होतात. त्यांच्याकडे मुकादमांची नावे आहेत, पाटीचा दर आहे, ट्रक कुठल्या वाटेने जायचे ते आहे, कोण दरडीखाली सापडले ते आहे. यातले काहीही कुठल्या दप्तरात नाही. आपल्या गावातल्या शाळा, वाचनालये, देवस्थानांच्या समित्या यांनी एकेका वाड्यावर जाऊन नुसती नावे लिहून घेतली तरी पुष्कळ होईल. त्याला सरकार लागत नाही, अनुदान लागत नाही. एक वही आणि ऐकायला वेळ लागतो.

माझ्यापुरती मी सुरुवात केली आहे. आजी 2009 साली गेली, त्यामुळे तिच्याकडून घ्यायचे राहून गेले. पण तिच्याबरोबर खाणीवर जाणाऱ्या दोघीजणी अजून आहेत. मागच्या शिमग्याला आजोळी गेलो तेव्हा त्यांच्याजवळ बसलो. एकीला ऐकू येत नाही, पण दुसरीची स्मरणशक्ती शाबूत आहे. तिने बोटांवर मोजून मला एकवीस बायकांची नावे सांगितली. ती मी लिहून घेतली आहेत. नावांपुढचा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा आहे. ते कारकुनाला शोभत नाही, म्हणून पुन्हा जायचे ठरवले आहे.